डब्यात डोकावणाऱ्या सुमतीताई

सुमतीताईंची आणि माझी पहिली ओळख झाली ती त्यांनी माझ्या डब्यात डोकावून पाहिलं तेव्हा. लग्न करून मी भुसावळहून बुऱ्हाणपुरात आले होते. लोधीपुऱ्यातल्या सासरी रुळते न रुळते तोच इथल्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी मिळाली. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीतला कोपरा धरून मी डबा उघडला, तर समोर निळ्या काठाची सुती साडी नेसलेल्या एक उंच बाई उभ्या. नाव नाही, गाव नाही, सरळ प्रश्न : "तेरा-चौदा वर्षांच्या होतात तेव्हा शाळेत डब्यात काय नेत होतात?"

मी झाकण अर्धं लावलं आणि म्हटलं, "का विचारताय?"

त्यांना राग येईल असं वाटलं होतं. त्या उलट खूश दिसल्या. "बरं केलंत, विचारलंत," एवढं म्हणून शेजारची खुर्ची ओढून बसल्या. का विचारलं ते मात्र सांगितलं नाही. त्या तासाला गेल्यावर मराठीच्या बाई माझ्या कानाशी लागल्या, "जपून राहा. या गृहविज्ञानवाल्या. कोणाच्या घरात काय शिजतं ते गोड बोलून काढून घेतात. कशासाठी, ते देवालाच ठाऊक."

मी जपून राहिले. माझा स्वभाव मुळातच संशयी; भाजीवाल्यानं स्वतःहून जुडी जास्त दिली तरी मी ती उलटून पाहते. सुमतीताईंचा स्वभाव याहून संशयी निघाला आणि आमचं जमलं. आज त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या विद्वत्तेवर, शिस्तीवर, साधेपणावर इतर मंडळी लिहीतच आहेत. मी लिहिणार आहे ते त्यांच्या संशयाबद्दल. त्या गुणामुळे आमच्या घरातलं एक माणूस आज जिवंत आहे.

ताईंचं बालपण बुऱ्हाणपुरातलंच, राज्यं जोडण्या-मोडण्याच्या काळातलं. त्या शाळेत जायला लागल्या आणि नागपूरची राजधानी जाऊन भोपाळची आली. वडील मराठी शाळेतले मास्तर. नागपूरहून येणारी पुस्तकं बंद झाली, हुकूम हिंदीतून येऊ लागले, आणि वडील रात्रीच्या जेवणानंतर मुलीबरोबरच हिंदीची बाराखडी गिरवू लागले. ताईंच्या आत्याचं सासर वऱ्हाडात. कालपर्यंत एकाच प्रांतातलं गाव, ते आता दुसऱ्या राज्यात गेलं. घरात सगळंच नवं होतं. नवं राज्य, नवी भाषा, आणि रेशनवर आलेला नवा परदेशी गहू. माणसं प्रत्येक नव्या गोष्टीकडे डोळे बारीक करून पाहत.

अशात आत्या माहेरी आली. छातीत गाठ घेऊन आली होती, पण बरेच दिवस ते कोणाला कळू दिलं नव्हतं. कळल्यावर घरात उपायाच्या आधी कारणाचा शोध सुरू झाला. ताईंनी मला हे अनेकदा सांगितलं आहे, आणि दरवेळी सांगताना त्यांचा आवाज कोरडा होतो. आजी म्हणाली, परदेशी गव्हानं केलं. शेजारीण म्हणाली, वांगी फार खायची. सासरहून निरोप आला, बाळंतपणात पथ्य पाळलं नाही. लहानग्या सुमतीनं विचारलं, "गहू तर आपण सगळेच खातो. मग आत्यालाच कसं झालं?" तिला उत्तर मिळालं नाही, पाठीत धपाटा मिळाला.

आत्यानं मात्र सगळ्यांचं ऐकलं. आधी गहू सोडला, मग वांगी, मग डाळ, मग दूध. जो येईल तो एक पदार्थ ताटातून काढून जाई. "माझी आत्या रोगानं गेली हे खरं," ताई म्हणतात, "पण शेवटी ती घासाला भीत होती. भरल्या घरात उपाशी गेली. तेव्हापासून कोणी 'अमुक खाल्लं म्हणून झालं' म्हटलं की मी त्या माणसाकडे नीट पाहून घेते."

पुढे ताईंनी आहारशास्त्र शिकायचं ठरवलं ते यासाठी. लग्न केलं नाही. इंदूरला शिकल्या आणि परत बुऱ्हाणपुरातच आल्या. कुठल्या वयात काय खाल्लं तर पुढे स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो किंवा घटतो, हा त्यांचा जन्माचा विषय झाला. त्या काळात हा शब्द मोठ्यानं उच्चारायची सोय नव्हती. ताई भर वर्गात फळ्यावर लिहीत आणि मुली माना खाली घालत.

आमच्या ओळखीला वर्ष झालं असेल. एका रविवारी त्या मला डोईफोडियाला घेऊन गेल्या. खकनारच्या पुढे, जंगलाच्या कडेला असलेलं हे शेतकऱ्यांचं गाव. आमच्या एका विद्यार्थिनीचं तिथं घर होतं. अंगणात तिची आजी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. ताईंनी नेहमीचा प्रश्न टाकला, "आजी, तुम्ही पोरवयात काय खात होतात?"

आजीचे हात थांबले. "तू सरकारची का वं माय? रासनकार्ड कापता का?"

"नाही हो. शाळेत शिकवते. तुमच्या नातीलाच शिकवते."

"मंग तुले काय भेटते याच्यात?"

"काहीच नाही."

"मंग त हे लयच संशयाचं काम हाये," आजी म्हणाली आणि सुपडं आपल्याकडे ओढून घेतलं.

मला हसू आवरेना. ताई हसल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला, खाली मांडी घातली आणि शेंगा सोलायला लागल्या. त्यांच्याजवळ कधी कागद-पेन्सिल नसे. कागद पाहिला की बाया खोटं बोलतात, असं त्या म्हणत. शेंगांचा ढीग उतरत आला तेव्हा आजी आपणहून बोलू लागली. "कायचं खाणं न् कायचं काय. डाळ पोरायले, आमाले डाळीचं पानी. दूध बाप्याले. कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकर मातर पोटभर भेटे. आन् केळी, खाली पडलेली."

परत येताना बसमध्ये मी म्हटलं, "ताई, पूर्वीचं खाणं किती साधं, चांगलं होतं नाही?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं त्या नजरेनं मी चपापले. "कशावरून चांगलं? मुलींना डाळीचं पाणी मिळत होतं, ते तुम्ही ऐकलं नाहीत का? भाकरी चांगली होती. वाढणं चांगलं नव्हतं. पूर्वीचं म्हणजे सगळं चांगलं म्हणणाऱ्यांवरही जरा संशय घेत चला."

डोईफोडियाला आम्ही पुढेही जात राहिलो. एकदा बायांना जमवून ताईंनी सांगितलं की दारूनंही हा धोका वाढतो, थोडीथोडकी घेतली तरी. त्यावर मागून एक बाई ओरडली, "बाई, हे आमाले काहून सांगता? ज्याले सांगाचं तो पारावर बसला हाये!" त्या दिवशी सगळ्या हसल्या, आणि त्यानंतर आम्हाला सरकारची माणसं कोणी समजलं नाही.

ताई वर्गात जे शिकवत ते मी मागच्या बाकावर बसून ऐकलं आहे. त्या कधीही छाती ठोकून बोलल्या नाहीत. म्हणत, "मुलींनो, तुमच्या वयात शरीर घडतंय. छातीची घडणही आत्ताच होतेय. या वयात डाळी, उसळी, भाकरी, भाज्या, फळं पोटात गेली तर पुढे धोका थोडा कमी राहत असावा, असं अभ्यास करणाऱ्यांना दिसतं. 'असावा' म्हणतेय मी. 'राहतो' म्हणत नाही. दोन्हींत फरक आहे." मग आयांच्या सभेत त्या दुसरं सांगत : बाळाला अंगावर पाजणं बाळाला चांगलं आणि आईलाही चांगलं, हे बऱ्यापैकी पक्कं आहे. पाळी गेल्यावर अंगावर चढणारं वजन धोक्याचं, हेही पक्कं आहे. "सून आली म्हणून पलंगावर बसू नका," असं त्या सासवांना तोंडावर सांगत. आणि शेवटी न चुकता : "कितीही चांगलं खाल्लं तरी गाठ होणारच नाही असं नाही. गाठ लागली तर स्वयंपाकघरात उपाय शोधू नका. डॉक्टरकडे जा."

शाळेच्या फाटकाशी पाकिटातल्या तळणाऐवजी फुटाणे, केळी आणि मोड आलेली मटकी विकली जाऊ लागली ती ताईंच्या हट्टामुळे. केळीच्या गावात शाळेच्या दारात केळी मिळत नव्हती, यावर आज कोणाचा विश्वास बसणार नाही. फाटकावरचा विक्रेता कित्येक दिवस ताईंकडे असा बघायचा की जणू त्यांनी त्याची गाडी ढकलून दिली. मग मटकी खपायला लागली आणि त्याची नजर बदलली.

आता त्या चूर्णाबद्दल सांगते. गावातल्या इतवारा भागात एका गृहस्थांचं औषधांचं दुकान होतं. सगळे त्यांना वैद्यजी म्हणत. ते कोणाकडे शिकले होते हे कोणी विचारत नसे. गावात मान होता, देणग्या देत. ते आमच्या मुख्याध्यापिकांकडे, म्हणजे मोठ्या मॅडमकडे, एक योजना घेऊन आले. शाळेतल्या प्रत्येक मुलीला त्यांचं चूर्ण सवलतीत मिळणार, आणि शाळेला नव्या पंख्यांचा, पाण्याचा खर्च. मोठ्या मॅडमना यात वावगं काही दिसलं नाही. पालकांची सभा बोलावली. वैद्यजी उभे राहिले आणि आमच्याकडच्या मिसळलेल्या बोलीत म्हणाले, "माताओं, आत्तापासून रोज एक चम्मच द्या. बड़ी होऊन पोरींना छातीची गांठ कभी होणार नाही. ही माझी गॅरंटी."

मागून ताई उठल्या. "कशावरून?"

"अनुभवावरून, बहनजी."

"कोणत्या बायकांचा अनुभव? तेराव्या वर्षी हे चूर्ण घेतलं आणि आता पन्नाशीला आल्या, गाठ झाली नाही, अशा किती बायका तुम्ही पाहिल्यात?"

वैद्यजी थोडे अडखळले. "चूर्ण तर आम्ही आत्ता दोन सालापासून बनवतोय."

"मग गॅरंटी कशी दिलीत? या मुली पन्नाशीला येईपर्यंत तुम्ही आणि मी दोघंही नसू."

सभेत कोणीतरी हसलं, मग बरेच हसले. योजना तिथंच बारगळली. पण वैद्यजी ते हसणं विसरले नाहीत.

महिन्याभरात गावात कुजबुज सुरू झाली. या बाईंना कुठली तरी कंपनी पैसे देते. खेड्यात जाऊन बायकांना दारू-मांसाचं विचारते, म्हणजे नक्की धर्माचं काहीतरी आहे. लग्न नाही केलं, म्हणजे डोक्यात काहीतरी बिघाड आहे. एक पालक तर शाळेतच येऊन गरजले, "मॅडमजी, हमारे घर में क्या पकता है, ये पूछने का इनको हक किसने दिया?" शेवटी शाळेच्या समितीनं ताईंना बोलावलं. मला साक्षीला.

अध्यक्षांनी मला विचारलं, "तुम्ही त्यांच्याबरोबर फिरता. खरं सांगा, यामागे कोण आहे?"

मी म्हटलं, "साहेब, सुरुवातीला मीही हेच शोधत होते. कोणी नाही. बसचं भाडंसुद्धा त्या स्वतःचं देतात, आणि माझं मला द्यायला लावतात."

ताईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही माझ्यावर संशय घेताय यात मला गैर वाटत नाही. फक्त तेवढाच संशय त्या चूर्णावरही घ्या."

निकाल अर्धामुर्धा लागला. मुलींना घरच्या खाण्याबद्दल विचारायचं नाही, शिकवायचं तेवढं शिकवायचं. कोणी क्षमा मागितली नाही. ताईंनी हुकूम पाळला. शाळेत विचारणं थांबवलं. रविवार मात्र शाळेच्या हद्दीत येत नव्हते.

त्याच हिवाळ्यात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या आमच्या घरी आल्या. आमच्याकडे माझ्या मोठ्या जाऊबाई, निर्मलाताई, हळदीकुंकवाचं सगळं बघत. गडबड होती; मी तिळगूळ वाटत होते. ताई माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुझ्या जाऊबाई डाव्या हातानं कळशी उचलतात. डावखुऱ्या आहेत का?"

"नाही," मी म्हटलं. मी रोज त्यांच्या शेजारी बसून पोळ्या लाटत होते. मला दिसलं नव्हतं.

ताई स्वयंपाकघरात गेल्या. फळीवर वैद्यजींच्या चूर्णाचा डबा होता. त्यांनी तो हातात घेतला, खाली ठेवला आणि दार लोटून घेतलं. आत काय बोलणं झालं ते निर्मलाताईंनी मला कितीतरी दिवसांनी सांगितलं. पावसाळ्यापासून उजव्या छातीत गाठ होती. त्या चुलत बहिणीबरोबर वैद्यजींकडे गेल्या होत्या. चूर्ण घे, विरघळून जाईल, असं त्यांनी सांगितलं होतं. ताई दार उघडून बाहेर आल्या तेव्हा निर्मलाताईंचे डोळे लाल होते.

"उद्या इंदूरला न्यायला हवं," ताईंनी माझ्या थोरल्या दिरांना, निर्मलाताईंच्या यजमानांना, सांगितलं.

माझ्या सासूबाईंच्या तोंडून पहिला प्रश्न आला तो हाच : "असं काय खाल्लं हिनं?"

ताई त्यांच्यासमोर बसल्या, त्यांचा हात हातात घेतला. एवढ्या हळुवार आवाजात बोलताना मी त्यांना त्याआधी ऐकलं नव्हतं. "आई, तिनं काय खाल्लं ते कोणीही, कधीही तिला विचारू नका. एवढं माझं ऐका. आता तिला पोटभर काय खाऊ घालायचं, ते विचारा."

दीर तयार होईनात. "आपरेशन केलं की पसरतो म्हणतात. चाकू लावू नये."

"कोण म्हणतात?"

"सगळेच म्हणतात."

"सगळ्यांना मी भेटू शकत नाही. एकाचं नाव सांगा."

दिरांनी मान वळवली. मग म्हणाले, "वैद्यजी."

"चला मग. आत्ता जाऊ. तुम्ही त्यांना विचारा, मी फक्त उभी राहते."

दिवेलागणीला ते दोघं आणि मी इतवाऱ्यात पोचलो. दुकानात गर्दी होती. वैद्यजींनी ताईंना पाहिलं आणि हातातली पुडी बांधता बांधता थांबले. दिरांनी विचारलं, "वैद्यजी, माझ्या घरच्या बाईला गाठ आहे. तुम्ही म्हणालात विरघळेल. आता इंदूरला नेऊ की चूर्ण चालू ठेवू? तुम्ही सांगाल तसं करतो. जबाबदारी तुमची."

दुकानातली गिऱ्हाईकं ऐकत होती. वैद्यजींनी दिरांकडे पाहिलं, मग ताईंकडे, मग गिऱ्हाइकांकडे. "अरे भाई, गांठ है तो डॉक्टर को दिखाओ," ते म्हणाले. "मैंने कब मना किया?"

परत येताना रस्ताभर दीर ताईंच्या दोन पावलं मागे चालत होते. सकाळच्या पहिल्या गाडीनं आम्ही निर्मलाताईंना घेऊन इंदूरला गेलो.

ऑपरेशन झालं, पुढचे लांबलचक उपचार झाले. त्या सगळ्या काळात आमच्या घरी दर आठवड्याला ताई येत आणि निर्मलाताईंना काय जातंय, काय नाही ते पाहत. एकदा कोणी पाहुणी म्हणाली, डाळ बंद करा, गाठीला पोसते. ताईंनी तिला तिथल्या तिथं इतकं झापलं की ती पुन्हा आलीच नाही. निर्मलाताई बऱ्या झाल्या. आजही त्या वांग्याचं भरीत करतात तसं लोधीपुऱ्यात कोणी करत नाही. मी हे लिहितेय ते त्यांना माहीत आहे. "माझं नाव घाल," त्यांनी बजावलं, "लपवू नको. लपवण्यानंच उशीर झाला होता."

ताईंच्या निवृत्तीनंतर काही वर्षांनी जे घडलं ते लिहू की नको, असं मी त्यांनाच विचारलं. "तेच तर लिही," त्या म्हणाल्या.

ताईंनाच गाठ झाली.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. त्यात दुःख होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं समाधानही होतं. जन्मभर भाकरी-डाळ, भाज्या, केळी. अंगावर चरबीचा थर नाही. दारू सोडाच, चहासुद्धा मोजका. आणि त्यांनाच! "मग आम्हाला काय सांगत होत्या?" असं भाजीबाजारात मला एकीनं विचारलं. "लेकरं झाली नाहीत म्हणून झालं," असं दुसरीनं. शाळेच्या फाटकाशी मटकीचा खप कमी झाला म्हणे. मला स्वतःलाही रात्री झोप लागेना. इतकी वर्षं आपण लोकांना जे सांगत फिरलो ते सगळं पोकळ होतं की काय?

ऑपरेशनची तारीख मिळाली त्याच्या आदल्या आठवड्यात ताई शाळेत आल्या आणि सकाळच्या प्रार्थनेनंतर मुलींशी बोलायची परवानगी मागितली. मी त्यांच्या मागे उभी होते. मैदानात मुलींच्या रांगा. ताई नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "मुलींनो, मला स्तनाचा कर्करोग झाला आहे. तुमच्या घरी यावर बोलणं चाललं असेल. ज्यांना काही विचारायचं आहे त्यांनी मला विचारा, माझ्या पाठीमागे नको."

मग नववीतली एक धीट मुलगी पुढे आली. "मॅडम, सच्ची विचारू? तुम्ही इतकं चांगलं खाल्लं, त्याचा फायदा काय झाला?"

शिक्षकांमध्ये कोणीतरी "अगं!" म्हणालं. ताईंनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "खरंच नाही. कदाचित त्यामुळे उशिरा झाला असेल. कदाचित काहीच फरक पडला नसेल. एका बाईवरून ते कळत नाही. हजारो बायकांकडे पुष्कळ वर्षं पाहिलं की थोडंसं कळतं. कोणी म्हणतं, मूल झालं नाही म्हणून. तेही एक कारण असू शकतं. पण म्हणून तुमची कोणी घाईनं लग्नं लावू लागलं तर माझं नाव सांगू देऊ नका. वय, आईबापांकडून आलेलं रक्त, नशीब, सगळ्याचा वाटा असतो. ताटाचा वाटा त्यात थोडा. पण तो आपल्या हातातला आहे, म्हणून मी ताटाबद्दल बोलत आले. आणि अजून एक. ही गाठ लहान असताना सापडली, कारण मी माझ्या शरीरावरही कधी पूर्ण विश्वास टाकला नाही. काही वेगळं लागलं की तपासत आले. तेवढं तुम्ही जरूर करा."

मुलगी जागेवरच उभी होती. मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही बऱ्या होऊन परत या."

"येईन असं नक्की सांगत नाही," ताई म्हणाल्या, "पण यायचं आहे."

मुली हसल्या, काही रडल्या. माझ्या मनातला पोकळपणा त्या सकाळी गेला. त्यांनी कधी खात्री दिलीच नव्हती, तर ती मोडणार कशी?

उपचारांत तोंडाची चव गेली. भाकरी कडू लागे, डाळीचा वास नको होई. एक दिवस त्या म्हणाल्या, "रेखा, मावा जिलबी आण. तेवढीच खावीशी वाटतेय." मी इतवाऱ्यात दुकानासमोर उभी राहिले. दुकानदारानं विचारलं, "घरी पाहुणे का?" मी म्हटलं, "नाही, सुमतीताईंना." त्यानं झारा हवेतच थांबवला. "आँ? मला तर सांगत होत्या की लोकांना रोज खाऊ घालू नको!" मी ताईंना येऊन ते सांगितलं. त्या इतक्या हसल्या की घरीच लावलेल्या सलाईनची नळी हलली. "त्याला सांग," म्हणाल्या, "रोज नको म्हणाले होते. आणि आजारी माणसाला जे जातं ते द्यावं. हे दोन्ही एकाच बाईनं सांगितलंय." त्या दिवशी त्यांनी अख्खी जिलबी खाल्ली, पुष्कळ दिवसांनी पोटात काही टिकलं, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आले.

त्याला आता बरीच वर्षं झाली. ताई दरवर्षी तपासणीला जातात. निर्मलाताई त्यांच्याबरोबर जातात. दोघी गाडीत शेजारी बसतात आणि डबा एकमेकींत वाटून घेतात. गावातल्या कितीतरी बायकांनी ताईंच्या ओसरीवर येऊन, दार लोटून, हळू आवाजात आपली शंका सांगितली आहे. त्यांतल्या बहुतेक जणींना काहीच निघालं नाही. ज्यांना निघालं त्यांच्यातल्या पुष्कळ जणी वेळेवर पोचल्या. कोणाचंही नाव ताईंच्या तोंडून आजवर बाहेर आलेलं नाही.

या ग्रंथाचा बेत मी त्यांच्या कानावर घातला तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "माणूस जिवंत असताना इतकी माणसं एकदम चांगलं लिहायला बसली, म्हणजे यात काहीतरी आहे. तुम्हा लोकांना काय हवंय माझ्याकडून?"

मी म्हटलं, "ताई, तुम्ही अजून पुष्कळ वर्षं हव्या आहात. एवढंच."

त्या म्हणाल्या, "तेवढं मागायला हरकत नाही."

म्हणून आम्ही सगळे, त्यांच्या विद्यार्थिनी, त्यांचे सहकारी, लोधीपुऱ्यातले शेजारी आणि डोईफोडियातल्या बाया, तेवढंच मागतो. सुमतीताईंना निरोगी आणि दीर्घ आयुष्य लाभो. त्यांची भूक शाबूत राहो, तोंडाला चव राहो. शंभरी गाठल्यावर कोणी त्यांच्याकडे येऊन दीर्घायुष्याचं रहस्य सांगा म्हणालं, तर "मला माहीत नाही" असं ठणकावून सांगण्याइतका त्यांचा आवाज तेव्हाही खणखणीत असो.